येवतमाळ ब्यूटी

दारव्ह्यात कोणाचं काही चुकलं, तर ते पुंडलिकराव गावंडे सरांच्या नजरेतून सुटत नसे. लग्नपत्रिका हातात पडली की ते आधी पेन शोधत, तारीख नंतर बघत. नगरपालिकेच्या बागेत कण्हेरीला 'जास्वंद' अशी पाटी लावली होती. सरांनी अर्जावर अर्ज करून ती बदलायला लावली. नवी पाटी 'कन्हेर' अशी आली, म्हणून पुन्हा अर्ज केला. त्यानंतर नगरपालिकेनं कण्हेरच तोडून टाकली.

"तुमच्यापायी झाड गेलं जी," विमलताई, म्हणजे सरांची बायको, म्हणाली होती.

"झाड गेलं, पण चूक तं राह्यली नाही," सर म्हणाले.

उभा जन्म त्यांनी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर सुधारायला पोरांच्या वह्या उरल्या नाहीत, तेव्हा सर वनस्पतींकडे वळले. जुन्या स्कूटरवरून निघायचं, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसायचं आणि भिंगातून गवत बघायचं. येणारे-जाणारे थांबून विचारत, "सर, काय हरवलं जी?" सर मान वर न करता उत्तर देत, "काही नाही. पाहून राह्यलो." लोक समजून घेतल्यासारखी मान हलवत आणि पुढं गेल्यावर हसत.

सरांच्या मनात एक इच्छा होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती आणि विमलताईला पक्की ठाऊक होती. जगाच्या कुठल्यातरी कागदावर 'शोधक: पुंडलिक गावंडे' एवढं यावं, आणि ते बरोबर छापून यावं.

त्या वर्षी पावसाळ्यात बाबूसिंग राठोडनं गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर नवं घर बांधलं. हा बाबूसिंग विज्ञानात दोनदा नापास झालेला, सरांच्याच हातून. आता त्याचे दोन ट्रॅक्टर होते आणि घराला स्लॅब होता. घरभरणीला त्यानं सरांना आग्रहानं बोलावलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. सर पोटभर जेवले आणि तुपाचे हात धुवायला घरामागं गेले.

मागं जुनी न्हाणी होती. चार फरश्या उभ्या केलेल्या, वर टिनाचा पत्रा, आणि त्या सगळ्याला गिळून बसलेला एक वेल. वेल कृष्णकमळाचा, हे कोणीही सांगितलं असतं. पण कृष्णकमळ म्हटलं की जे जांभळं फूल सगळ्यांच्या कुंपणावर असतं, ते हे नव्हतं. याच्या पाकळ्या पांढऱ्या होत्या आणि आतल्या अंगानं तान्ह्या लेकराच्या टाचेसारख्या गुलाबी. मधल्या तंतूंच्या झालरीवर, ज्यांना लोक शंभर कौरव म्हणतात त्यांच्यावर, जांभळे-पांढरे पट्टे होते. सर तुपाचे हात तसेच हवेत धरून उभे राहिले.

"सर, पाणी नाही का आलं?" बाबूसिंगची आई नंदाबाई तांब्या घेऊन आली. "थांबा, मी टाकते हातावर."

"नंदाबाई, हा वेल कधीचा?"

"तो? राहू द्या जी त्याले. आता टायलाची न्हाणी झाली ना आत. ही जुनी पाडून राह्यलो आम्ही सोमवारी. तिच्यासंगं जाईन तोबी."

"कोणी हात लावायचा नाही!"

हा आवाज सरांनी निवृत्तीनंतर वापरला नव्हता. पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. बाबूसिंग हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवून सावधान उभा राहिला, आणि मग आपलं वय आठवून पुन्हा वाढायला लागला.

सरांच्या एवढ्या ओरडण्याला कारण होतं. इंटरनेटवर कृष्णकमळाच्या शौकिनांचा एक गट होता आणि सर त्यात इतरांच्या चुका दाखवायला होते. तिथं कोणीतरी एका जुन्या इंग्रजी बागकामाच्या मासिकाचं पान टाकलं होतं. इंग्रजांच्या काळात यवतमाळला कापसाच्या खात्यात एक साहेब होता. त्याच्या मेमसाहेबानं बंगल्यात दोन जातींच्या कृष्णकमळांचा संकर करून एक नवं वाण तयार केलं, नागपूरच्या पुष्पप्रदर्शनात बक्षीस मिळवलं आणि वाणाला इंग्रजांच्या उच्चारातलं नाव दिलं, 'येवतमाळ ब्यूटी'. सोबत मेमसाहेबानं स्वतः रंगवलेलं चित्र होतं. खाली शौकिनांनी हळहळ लिहिली होती: साहेब बदलून गेला, बंगला पडला, वाण नष्ट झालं.

त्या संध्याकाळी सरांनी ते पान पुन्हा उघडलं. पाकळ्या पांढऱ्या, आतून गुलाबी. पान पाच बोटांचं. त्यांनी चष्मा पुसला, विमलताईला हाक मारली आणि मोबाईल तिच्यासमोर धरला.

"कशी दिसते?"

"बंगल्यातली दिसत नाही," विमलताई म्हणाली. "न्हाणीवरची दिसते."

सरांनी वेगवेगळ्या संस्थांना मेल पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकांनी 'सुंदर फूल, शुभ सकाळ' एवढं लिहिलं. पुण्याच्या एका संस्थेतल्या डॉ. अपेक्षा यांनी मात्र लिहिलं, "फोटो चांगले आहेत. फोटोवरून काहीही सांगता येत नाही." हे वाक्य सरांना फार आवडलं. आपल्यापेक्षा संशयी माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

श्रावणात बाई स्वतः आल्या. तिशीतल्या, सडसडीत. नोकरी पुण्याला असली तरी मूळच्या वणीच्या, वडील कोळशाच्या खाणीत. "आमच्याकडं झाडाची पानं ओळखायची तर आधी पुसावी लागतात," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या. त्यांनी पानं मोजली, देठावरच्या बारीक ग्रंथी भिंगाखाली बघितल्या, फूल उभं कापलं. सर मागं उभे राहून त्यांची चूक होते का ते बघत होते. होत नव्हती.

मग विषय निघाला वेल आला कुठून. नंदाबाई नवं लुगडं नेसून तयारच होती.

"माह्या सासूनं लावला जी."

"तिनं कुठून आणला?"

नंदाबाईनं सरांकडं बघितलं. आदल्या आठवड्यात सर तिला सहज म्हणून विचारून गेले होते की सासू कधी यवतमाळला साहेबाच्या बंगल्यावर वगैरे कामाला होती का. तेव्हा ती 'काय माहीत बाप्पा' म्हणाली होती. आता ती ठामपणे म्हणाली, "साहेबाच्या बंगल्यातून. मेमसाहेबानं सोताच्या हातानं देलता. म्हणे, घे बाई, सांभाळ."

सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. सासूचं वय त्यांनी मनातल्या मनात मोजलं होतं. मेमसाहेब गेली तेव्हा सासूचा जन्मही झालेला नव्हता. चूक दिसत असूनही सर गप्प बसले. दारव्ह्याच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

डॉ. अपेक्षांनी टॅबवर मेमसाहेबाचं चित्र उघडलं. बराच वेळ बघितलं.

"सर, चित्रात पुंकेसर सहा आहेत."

सरांनी मोजले. लोक ज्यांना पाच पांडव म्हणतात ते मेमसाहेबानं खरंच सहा काढले होते.

"कृष्णकमळाले पाचच असतात," सर म्हणाले. "कोणत्याबी. बाईचं चुकलं!" एका मेमसाहेबाची चूक सापडल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. "साहेबाच्या बायकोले सांगणार कोण, की मॅडम, एक जास्तीचा झाला?"

"चुकलंच असेल. पण जी बाई पांडव सहा काढते, तिनं रंग तरी बरोबर दिले असतील, हे कशावरून?"

सरांचा आनंद तिथंच मावळला.

बाईंनी समजावून सांगितलं. प्रदर्शनातल्या फुलाची एक वाळवलेली फांदी कोलकात्याच्या एका वनस्पती-संग्रहालयात आहे. तिचा कणभर तुकडा मिळाला तर डीएनए जुळतो का बघता येईल. पण एवढ्यानं भागणार नाही. "या वेलाला फळ धरत नाही. म्हणजे बी नाही. फांदी लावूनच तो वाढतो. खरंच तो शंभर वर्षं टिकला असेल, तर कोणीतरी हातानं नेला असेल, आणि एकाच घरी नेला असेल असं नाही. दुसरा एखादा शोधा. दोन ठिकाणचे वेल एकमेकांशी आणि त्या वाळल्या फांदीशी जुळले, तर मी सही करीन."

"दुसरा नाही," नंदाबाई चटकन म्हणाली. "कुठंच नाही."

सरांना ते बोलणं अज्ञानाचं वाटलं. ते अज्ञान नव्हतं, हे पुढं कळलं.

बाई गेल्या आणि बातमी फुटली. वर्तमानपत्रात आलं, 'तांड्यावर सापडलं शंभर वर्षं हरवलेलं फूल'. सरांचं आडनाव 'गवांदे' छापलं होतं. सरांनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं, आणि दुरुस्तीत 'गावंदे' आलं. पण लोक येऊ लागले. कॉलेजची सहल आली, एक रिटायर्ड तहसीलदार आले, कृष्णकमळाच्या पूजेसाठी कळंबहून बायका आल्या. नंदाबाई ओसरीवर बसून प्रत्येकाला मेमसाहेबाची गोष्ट सांगे, आणि दर वेळी मेमसाहेब थोडी जास्त रडे. चहाचं पातेलं चुलीवरून उतरत नव्हतं.

मग पाऊस सरता सरता तालुक्याचे एक भाऊ आले. भाऊ म्हणजे ज्यांचे फोटो चौकात लागतात, ते. त्यांनी जाहीर केलं, हा ठेवा जपला पाहिजे. लोखंडी जाळीचं कुंपण आलं, कुलूप आलं, पाटी आली: 'दुर्मीळ वनस्पती. हात लावू नये.' फीत कापली. सरांचा सत्कार झाला, आणि शालीपेक्षा सरांना याचं अप्रूप वाटलं, की पाटीवर एकही चूक नव्हती.

पंधरवड्यात वेल सुकायला लागला.

पानं आधी पिवळी पडली, मग कडेनं जळाली. कळ्या न उमलता गळू लागल्या. सरांची झोप उडाली. त्यांनी शेणखत घातलं, निंबोळी अर्क फवारला, डॉ. अपेक्षांना फोटो पाठवले. बाईंनी विचारलं, "पाणी?" सरांनी लिहिलं, "विदर्भातला वेल आहे. इतकी वर्षं कोणी पाणी घातलं नाही." हे लिहून झाल्यावर ते कुंपणाला धरून उभे राहिले आणि त्यांची नजर न्हाणीच्या मोरीवर गेली. मोरी कोरडी ठणठणीत होती. कुंपण न्हाणीसकट घातलं होतं. तोवर सवयीनं जुन्याच न्हाणीत जाणारी राठोडांच्या घरची माणसं कुलूप लागल्यापासून आतल्या टायलाच्या न्हाणीत आंघोळ करत होती, आणि तिचं पाणी पाइपानं दूर नालीत जात होतं. आजवर घरादाराच्या आंघोळीवर जगलेला वेल त्याच्या रक्षणासाठी तहानेनं मरत होता.

कुलपाची किल्ली भाऊंच्या माणसाकडं होती, आणि भाऊंचा माणूस मुंबईला गेला होता.

"बाबूसिंग," सर म्हणाले, "तुले जुन्या न्हाणीत आंघोळ करावी लागन."

"सर, कुलूप हाय ना जी."

"चढून जा."

तेव्हापासून दोन ट्रॅक्टरांचा मालक बाबूसिंग रोज सकाळी स्टुलावर चढून, 'हात लावू नये' या पाटीवर पाय देऊन, कुंपणाच्या आत उडी मारू लागला. घरात टायल, शॉवर, गरम पाण्याचा नळ. आणि हा बाहेर टिनाखाली थंड पाण्यानं कुडकुडत. सर बाहेरून ओरडत, "अजून एक बादली! साबण कमी!" फुलं बघायला आलेल्या लोकांना तेवढा वेळ पाठ फिरवून उभं राहावं लागे. आठवड्यात वेलाला नवी पालवी फुटली.

अशाच एका सकाळी नंदाबाईची नणंद शीला आली. तिचं सासर दिग्रसच्या वाटेवरच्या एका तांड्यावर. भावजयीच्या घरी एवढी गर्दी का, ते बघायला ती शेअर जीपनं आली होती. तिनं कुंपण बघितलं, पाटी वाचून घेतली, आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"याच्यासाठी? हा तं माह्या बकऱ्याच्या कोठ्यावर हाय ना! माह्या याडीनं लग्नात गाडग्यात लावून देलता."

याडी म्हणजे आई. तिची आई म्हणजे नंदाबाईची सासू. सरांनी वळून नंदाबाईकडं बघितलं. नंदाबाई चहाच्या पातेल्यात अशी काही बघत होती, जणू मेमसाहेब त्यात पडली आहे.

"नंदाबाई, तुमाले माहीत होतं?"

"तिचा रोगट हाय," नंदाबाई म्हणाली.

सरांनी शीलाला स्कूटरवर मागं बसवलं आणि तसेच निघाले. बकऱ्यांच्या कोठ्यावर, म्हणजे गोठ्याच्या छपरावर, वेल होता. रोगट नव्हता, उलट अंगानं दुप्पट होता, आणि बकऱ्या त्याची खालची पानं खात होत्या. सरांनी बकऱ्यांना बाजूला सारून पानं तोडून घेतली. दुसरा सापडला. आता सही होणार.

"अजून कोणाकडं आहे का?" त्यांनी केवळ सवयीनं विचारलं.

"हाय ना. माह्या पोरीले देला, ढाणकीले. तिच्या जावेनं नेला. माही मावशी हाय पुसदकडं, तिच्याकडं तं विहिरीवर चढला. लेकीले देतेत जी आमच्यात. लवकर लागते ना."

पुढचा महिना सर स्कूटरवर होते. तांड्यामागून तांडा. न्हाणीवर, कोठ्यावर, विहिरीवर, एका ठिकाणी बंद पडलेल्या मोबाईल टॉवरवर. कुठंही गेलं की बायका म्हणत, हा होय? घ्या ना फांदी. सरांनी प्रत्येक वेलाची पानं पुड्यांत बांधली आणि पुड्या घरी टेबलावर मांडल्या. मांडताना त्यांच्या लक्षात येत गेलं, की पुडी वाढली की पुरावा वाढतो आणि शोध आटतो.

विमलताईनं ते टेबल बघितलं. "बाईनं किती मागितले होते?"

"दुसरा एक."

"मंग एक पाठवा. बाकीच्याचं काय काम? खोटं तं नाही बोलून राह्यले तुम्ही."

शीलाच्या कोठ्यावरची पुडी सरांनी वेगळी ठेवली आणि बाकीच्या पिशवीत भरून कपाटात टाकल्या. जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात त्यांनी कोणाचीही चूक काढली नाही. पेपरात 'परीस्थिती' आलं तरी पान उलटलं. विमलताई घाबरली. तिनं त्यांचं कपाळ हात लावून बघितलं.

"ताप नाही," सर म्हणाले. "मी विचार करून राह्यलो. समजा, एखाद्या पोट्ट्यानं प्रयोग केला, रीडिंग घेतले, आन् त्याले पाह्यजे तेवढेच वहीत लिहिले. म्या काय केलं असतं?"

"बाबूसिंगले तं तुम्ही नापास केलतं."

सर उठले, कपाटातली पिशवी काढली आणि सगळ्या पुड्या पाठवून दिल्या.

हिवाळ्यात डॉ. अपेक्षांचा फोन आला. "सर, अभिनंदन! जुळलं. कोलकात्याची फांदी, नंदाबाईंचा वेल, बाकीचे सगळे, एकच आहे. येवतमाळ ब्यूटीच आहे ती. शंका नाही."

"नोंद कशी होईल?"

"ओळख निश्चित, असं येईल. पण हरवलेलं किंवा दुर्मीळ म्हणता येणार नाही सर. जिल्ह्यात सर्वत्र आढळतं, असं लिहावं लागेल. आणि शोधकाचा रकाना अशा वेळी आम्ही ठेवत नाही. जे हरवलंच नव्हतं, ते…"

"बरोबर आहे," सर म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात फार कमी लोकांना म्हटलं होतं.

'दुर्मीळ नाही' हे छापून येताच भाऊंचा माणूस मुंबईहून लगेच परतला. कुंपण, कुलूप आणि पाटी काढून नेली. ऐकण्यात आलं की नेरच्या बाजूला एका वडाला लावली. तांड्यावर येणारी माणसं थांबली. सर गेले तेव्हा नंदाबाई ओसरीवर एकटी बसली होती. तिनं पाणी दिलं, चहा दिला नाही.

"सर, तुम्ही कायले सांगतलं सगळ्यायचं?"

"खरं होतं ते, नंदाबाई."

"खरं तं होतंच. मी कुठं नाही म्हणते? पण लग्न होऊन आली तवापासून मले कोणी येऊन काही इचारलं नव्हतं. सैपाक झाला का, एवढंच. या चार महिन्यात लोकं बसून ऐकत होते." तिनं पदर सारखा केला. "आता शीलाकडं जातीन."

ते शीलाकडंही जाणार नाहीत, हे सरांना माहीत होतं. ते सांगावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते म्हणाले, "पुण्याच्या बाईचा अजून एक प्रश्न आहे. नोंदीत गावातलं नावबी लिहा लागते. तुम्ही लोक याले काय म्हणता?"

"काय म्हणू? न्हाणीचा येल. सगळेच म्हणतात. शीलाबी तेच म्हणते."

सरांनी तिथूनच फोन लावला. बाईंनी नाव दोनदा विचारून घेतलं, सरांनी अक्षर अक्षर सांगितलं: न्हाणीचा वेल. नंदाबाई कान देऊन ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं.

"सर, न्हाणी कोणाची?"

"म्हणजे?"

"शीलाचा तं कोठ्यावर हाय. ढाणकीवालीचा भितीवर. पुसदवालीचा हिरीवर. न्हाणीवर कोणाचा हाय?"

सरांनी आठवून बघितलं. अजून दोन तांड्यांवर न्हाणीवरचे वेल होते. त्यांनीच पुड्या बांधल्या होत्या. दुरुस्ती ओठांवर आली.

"तुमचा," ते म्हणाले.

नंदाबाई उठली आणि चहा ठेवायला आत गेली. शीलाला हे कळलं तेव्हा तिनं सरांना फोन करून सांगितलं, की तिच्या आजोबानं हा वेल मुळात गवताचा भारा बांधायला तोडून आणला होता आणि मेमसाहेबाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तेही नोंदीत लिहा. सरांनी ते डॉ. अपेक्षांना कळवलं. बाईंनी विचारलं, दोन्हीतलं खरं कोणतं? सरांनी लिहिलं, तपास चालू आहे. आणि सध्या तरी सर तो तपास करत नाहीत.